घड्याळ लावू का?

प्रश्न : इचलकरंजीत माझं बारा कामगारांचं वर्कशॉप आहे. एमबीए करणारा मुलगा म्हणतो, फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरच्या पद्धतीने प्रत्येकाच्या कामाला घड्याळ लावा, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजा. लावू का?

उत्तर : घाई नको. टेलरची ती गोष्ट मुलाने ऐकवली असेलच. अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात १८९९ साली टेलरच्या सांगण्याप्रमाणे काम करून एक गडी दिवसाला साडेबाराऐवजी साडेसत्तेचाळीस टन लोखंड वाहू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. म्हणजे काम जवळपास चौपट आणि पैसे दीडपटीच्या थोडे वर! (ही गोष्ट टेलरने बरीच रंगवली होती, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय.)

मला पटतो तो त्याचा फावड्याचा प्रयोग. एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल उचलला, तर दिवसभरात सर्वांत जास्त काम होतं, असं त्याला आढळलं. मग जड खनिजाला लहान फावडं, हलक्या मालाला मोठं. इथे माणूस नाही, अवजार बदललं.

भोसरीत सुपरवायझर असताना मीही लेथवाल्यांमागे घड्याळ घेऊन उभा राहिलो होतो. आठवडाभर सगळे मुद्दाम सावकाश! शेवटी चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "साहेब, ड्रिल आणायला स्टोअरला जातो, त्यात अर्धा तास जातो. तो मोजा की!" दुसऱ्या दिवशी कपाट मशीनजवळ आणलं.

मुलाला आधी आठवडाभर कामगारांबरोबर उभं करा. घड्याळ खिशात राहू द्या.