होडी किनाऱ्याला, तरी जीव टांगणीला

प्रश्न : मी हर्णैची. यजमानांची मासेमारीची होडी आहे. २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या घरावरचे पत्रे उडाले, तेव्हापासून छातीत धडधड सुरू झाली. होडी बाहेर पडली की मी फोन लावत बसते. लागला की तासभर बरं, मग पुन्हा तेच. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." वाटलं, पावसाळी बंदीत बरं वाटेल. पण होडी शाकारून ठेवली तर मुलीच्या एसटीची, कर्जाच्या हप्त्याची काळजी लागली. मासळी भरपूर आली तरी आनंद होत नाही. परवा धाकट्याच्या हातून पेला पडला, एवढ्यावरून त्याला मारलं आणि रात्रभर रडले. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. मला वेड लागतंय का?

उत्तर : नाही ताई. वेड लागेल ही भीतीसुद्धा या त्रासात बऱ्याच जणांना वाटते.

तुमच्या पत्रातलं बंदीचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. १ जून ते ३१ जुलै नवरा डोळ्यांसमोर, तरी धडधड तशीच. म्हणजे दर्या निमित्तमात्र. काळजी आतच मुक्काम ठोकून आहे, होडी नसली तर तिला एसटी पुरते. बहुतेक दिवस अशी न आवरणारी काळजी सहा महिने किंवा जास्त टिकली, झोप उडाली, कामं सुचेनाशी झाली, तर तो चिंतेचा आजार असू शकतो. निदान मानसोपचारतज्ज्ञांनी तपासूनच होईल. तिथे वादळाचं आवर्जून सांगा, त्याचा धक्का मनात उरला असेल तर उपचारांची दिशा थोडी बदलते. थायरॉइडही तपासून घ्या, ती वाढली तरी अशीच धडधड होते. "काही नाही" हे तुमच्या हृदयापुरतं खरं होतं, त्रासापुरतं नाही.

आता मुलाचं. दिवसभर अंग ताठ ठेवून वाईट बातमीची वाट बघणाऱ्या बाईला संध्याकाळी पेल्याच्या आवाजानेही दचकायला होतं. घाबरलेलं शरीर पळतं, नाहीतर अंगावर येतं. घर सोडून तुम्ही पळणार कुठे? मग राग, रागामागून अपराधीपणा, त्याने रात्रीची झोप जाते आणि दुसऱ्या दिवशी सोसायची ताकद आणखी कमी. (पुरुषांत हेच दिसलं की 'तापट स्वभाव' म्हणून सोडून देतात.) मारणं योग्य नव्हतंच. मुलाला जवळ घेऊन सांगा, "मला बरं नव्हतं, तुझी चूक नव्हती." नाहीतर पोरं सगळं स्वतःवर घेतात.

मासळीचा आनंद होत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. मन पुढच्या फेरीत अडकलं की आजच्या पापलेटाचं कौतुक कुठून येणार? पण रडू थांबत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. जोडीला नैराश्य असू शकतं.

फोनचं मात्र आवरायला हवं. प्रत्येक फोनने सुटका होते, म्हणून मनाला वाटतं, फोनशिवाय सुटका नाहीच. यजमानांशी एक वेळ ठरवा, रेंजमध्ये आले की ते करतील. मधला एक फोन आधी थोडा पुढे ढकला, मग आणखी थोडा. धडधड वाढेल आणि फोन न करताही ओसरेल, हे अंगाने अनुभवायचं. समुपदेशनात हेच पद्धतशीर शिकवतात. गोळ्या लागल्याच तर गुण यायला काही आठवडे जातात, मध्येच मनाने बंद करू नका. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या तर आणूच नका, त्यांची सवय लागते.

सासूबाईंना देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू द्या, मी कोकणातलीच आहे, त्यावरून भांडणार नाही. उपचार मात्र त्यासाठी थांबवू नका. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं, नावाला बिचकू नका. तोवर १४४१६ या क्रमांकावर, म्हणजे टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. आणि जाताना यजमानांना सोबत न्या. घरी काय चाललंय ते त्यांनीही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं.