जुनी बिअर उघडताना

प्रश्न : रोशफोर 10 ची बाटली सहा वर्षं तळघरात आहे. कशी चाखावी? ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर?

उत्तर : 11.3 टक्के अल्कोहोलची ही बेल्जियन ट्रॅपिस्ट (ख्रिस्ती मठात बनणारी) बिअर बाटलीतही आंबते, म्हणून तळाशी यीस्टचा गाळ असतो. आडवी असेल तर दोन दिवस आधी उभी करा. फ्रीजमधून थेट नको. 12 ते 14 अंशांवर, ग्लास तिरका धरून संथपणे ओता. मध्येच बाटली सरळ केली की गाळ ढवळतो. शेवटचा बोटभर भाग सोडा. मनुका, अंजीर, शेरी या स्पॅनिश वाइनची छटा ही ऑक्सिजनची चांगली करामत. पुठ्ठ्याचा वास त्याचीच वाईट बाजू, उबेत ठेवलेल्या बाटलीत ती लवकर दिसते. सोया सॉसची चव मेलेल्या यीस्टची. जमल्यास शेजारी ताजी बाटलीही उघडा, फरक लगेच कळतो.