माळ्यावरचा खोका आधी खाली काढा

ऐरोलीहून एका वडिलांनी लिहिलं आहे: "मुलगी बारावीत आहे, अकरावीला ८१ टक्के. घरात सिलिकॉन ओतून हवेवर वाकणारी बोटं बनवते आणि पुढे रोबोटिक्सच करायचं म्हणते. एआय-रोबोटिक्सची ब्रँच घ्यावी की सरळ कॉम्प्युटर? तूर्त सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलंय, सीईटी झाल्यावर बघू. तशीही तिची बोटं नीट चालत नाहीत. एक चिकटच राहिलं, दुसरं वाकायचं सोडून फुग्यासारखं फुगलं." सोबत तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो आहे.

नमस्कार,

८१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती त्या माळ्याची. तुम्ही वहीचं पान पाठवलंत, पण ते वाचलं नाहीत असं दिसतं. तिने प्रत्येक ओतकामाची तारीख, सिलिकॉनच्या दोन्ही भागांचं प्रमाण, साचा कशाचा होता आणि काय बिघडलं हे लिहून ठेवलं आहे. न सांगता अशी नोंद ठेवणारी मुलं फार कमी असतात. तुम्ही तिचा छंद नाही, तिचा अभ्यास माळ्यावर टाकलात.

आता त्या 'न चालणाऱ्या' बोटांकडे बघू. चिकट राहिलेल्या बोटापुढे तिने लिहिलंय: "रेझिन प्रिंटचा साचा, लॅटेक्सचे हातमोजे." म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेला साचा. कारण तिथेच आहे. हे सिलिकॉन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमतं आणि लॅटेक्समधलं गंधक किंवा अर्धवट पिकलेलं, म्हणजे पुरतं कडक न झालेलं रेझिन त्या उत्प्रेरकाला निकामी करतं. मग चार तास ठेवा नाहीतर चार दिवस, पृष्ठभाग चिकटच राहणार. नायट्राइलचे हातमोजे घ्यायचे. साचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन यूव्हीखाली पुरता पिकवायचा आणि आधी कोपऱ्यात सिलिकॉनचा एक थेंब टाकून बघायचा. फुगलेल्या बोटाचं कारण वेगळं. बोट वाकतं ते एक बाजू ताणली जाते आणि दुसरी ताणली जात नाही म्हणून. न ताणणाऱ्या बाजूला कागद किंवा कापड बसवतात. ते सिलिकॉनमध्ये नीट भिजलं नाही तर सुटतं. भिंतीत हवेचा बुडबुडा राहिला, तर हवा त्या पातळ जागीच जाते. इकोफ्लेक्स ००-३० या मऊ सिलिकॉनचे दोन्ही भाग समसमान घेऊन कालवलं की साधारण ४५ मिनिटं हातात असतात. सावकाश ढवळावं, उंचावरून बारीक धारेने एकाच कोपऱ्यात ओतावं. हवा भरायला ६० मिलीची सिरिंज पुरते, कॉम्प्रेसर घरात नको.

यात कोड कुठे आला? तुमचा मोठा गैरसमज इथेच आहे: रोबोट म्हणजे मोटर आणि प्रोग्रॅम, केमिस्ट्री फक्त मार्कांपुरती. सॉफ्ट रोबोटिक्समध्ये, म्हणजे तिच्या बोटांसारख्या मऊ, लवचीक रोबोटांच्या कामात, शरीर कशाचं बनवलं यावरच बरंचसं काम ठरतं. २०११ मध्ये हार्वर्डमधून हवेवर सरपटणारा मऊ रोबोट आला, तो जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाचा; ते रसायनशास्त्रज्ञ. २०१६ चा तिथलाच ऑक्टोपसच्या आकाराचा ऑक्टोबॉट बॅटरीशिवाय, इलेक्ट्रॉनिक्सशिवाय हलला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं प्लॅटिनमवर विघटन होऊन निघणारा ऑक्सिजन त्याच्या सोंडा फुगवत होता. म्हणजे तुमच्या घरात बोट जमवणारा धातूच तिथे इंधन चेतवत होता.

प्रकाशाची बाजूही तिने बघावी. १ मिमीच्या प्लास्टिक ऑप्टिकल फायबरच्या एका टोकाला लाल एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर. फायबर वाकला की प्रकाश बाहेर निसटतो, रीडिंग उतरतं, बोट किती वाकलं ते कळतं. एका बाजूने हलके ओरखडे काढले की फरक ठळक होतो. बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून काळं आवरण हवंच. सिलिकॉनमुळे एक अडचण येईल: बोट वाकताना आणि सरळ होताना त्याच कोनाला रीडिंग वेगळं दिसेल. तो फरक दुरुस्त करायला पायथन शिकावं लागेल, आणि त्या वेळी ते ती आपणहून शिकेल.

म्हणून ब्रँच: मटेरियल्स, पॉलिमर किंवा मेकॅनिकल. 'एआय-रोबोटिक्स' हे नाव बघून जाऊ नका, चारही वर्षांचा अभ्यासक्रम उघडून त्यात मटेरियल्सचे किती विषय आहेत ते मोजा. सीईटी, जेईई द्यावीच. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर आहे, आयआयटी मुंबईत मटेरियल्स सायन्स. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची परीक्षाही द्यावी. नुसत्या बी.टेक.वर सॉफ्ट रोबोटिक्सची नोकरी लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही, त्यासाठी पुढे एम.टेक. किंवा पीएच.डी. धरून चला. पण पॉलिमर येणाऱ्या माणसाला वैद्यकीय उपकरणं, सील, कोटिंग अशी कामं असतात. तुमच्या घराजवळच रबाळे-महापेच्या एमआयडीसीत रबर आणि प्लास्टिक मोल्डिंगचे छोटे कारखाने आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिला एखादा दाखवून आणा.

सीईटीपर्यंत रविवारचे दोन तास तिचे. ते "मार्क पडले तर" या अटीवर देऊ नका. राज्य मंडळाच्या बारावीच्या केमिस्ट्रीत पॉलिमरचं प्रकरण आहे, ते तिने वही शेजारी ठेवून वाचावं.

आणि तो रेझिनचा साचा किती वेळ धुतला, यूव्हीत किती वेळ ठेवला, हे पानावर दिसत नाही. ते तिलाच माहीत असेल. तिने स्वतः लिहून पाठवावं.