पाडणारा नव्हे, पडणारा बघ

गेल्या अंकात मी आमच्या कराडच्या घरातल्या, बाबा केबल चालवायचे त्या खोलीबद्दल लिहिलं होतं. गच्चीवर डिश, खाली दहा बाय दहाच्या खोलीत दोन व्हीसीआर, भिंतभर वायरींचं जाळं. आणि टीव्हीवर अंडरटेकर या पैलवानाची घंटा वाजली की जिन्यावरून धावत येणारी गल्लीतली पोरं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं प्रश्नोत्तराचं सदर संपादकांनी डब्ल्यूडब्ल्यूएफला, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन कुस्तीलाच देऊन टाकलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. निवडक घेते.

प्रश्न : अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झालाय, असं आमच्या शाळेत छातीठोकपणे सांगायचे. पुढे ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षय कुमार त्याच्याशी लढला. तो खराच अंडरटेकर होता का? (बार्शी)

नाही, तो खरा नव्हता. १९९६च्या त्या सिनेमात होता तो ब्रायन ली. पण तुमची फसगत झाली असं मात्र समजू नका, कारण याच ब्रायन लीला डब्ल्यूडब्ल्यूएफनं स्वतःच अंडरटेकर म्हणून रिंगमध्ये उतरवलं होतं.

झालं असं. खरा अंडरटेकर म्हणजे मार्क कॅलवे. नोव्हेंबर १९९०मध्ये तो पहिल्यांदा आला. जानेवारी १९९४मध्ये रॉयल रंबल या मोठ्या कार्यक्रमात योकोझुना या अवाढव्य पैलवानाबरोबर त्याची शवपेटीची मॅच झाली. योकोझुनाच्या मदतीला एकामागून एक पैलवान धावून आले, सगळ्यांनी मिळून अंडरटेकरला पेटीत कोंबलं आणि झाकण लावलं. मग पडद्यावर पेटीच्या आतून त्याचा चेहरा दिसला, ‘मी परत येईन’ म्हणाला आणि एक काळी आकृती वर छताकडे तरंगत गेली. आमच्या खोलीत त्या वेळी कुणी श्वास घेत नव्हतं. त्याच्या जाण्याचं कारण साधं होतं, त्याची पाठ दुखावली होती आणि त्याला विश्रांती हवी होती. तो नसताना कथानकातला खलनायक टेड डिबियासीनं ‘अंडरटेकर परत आणलाय’ म्हणून ब्रायन लीला उभं केलं आणि २९ ऑगस्ट १९९४ला शिकागोत, समरस्लॅममध्ये, दोन अंडरटेकर समोरासमोर आले. खऱ्याचे हातमोजे जांभळे, दुसऱ्याचे राखाडी. आमच्या टीव्हीचा रंग तेव्हा बिघडलेला, सगळं हिरवट दिसायचं. त्यामुळे कोण कुठला यावरून गल्लीत आठवडाभर भांडणं चालली होती.

सात वेळा मेल्याची गोष्ट पोरांनी अशाच पेट्यांमधून उभी केली. अमेरिकेतून आठवड्याला तासभर दिसणारं तुटक कथानक आणि मधल्या जागा भरायला आपली शाळा. मला ती गोष्ट आजही प्रिय आहे.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला मोबाइलवर जुन्या मॅचेस दाखवल्या तर हसतो. म्हणतो, ‘बाबा, हे सगळं फेक आहे, तुम्हाला कळत नव्हतं?’ त्याला काय उत्तर देऊ? (नाशिक)

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे बाबा तरुणपणी चार-पाच वर्षं तालमीत होते. पहाटेचे जोर-बैठका, लाल माती, वस्तादांचा मार, सगळं केलेलं. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. कोल्हापूरच्या खासबागेत मोठी कुस्ती असली की मात्र जायचेच. अशा माणसानं डब्ल्यूडब्ल्यूएफला नाकं मुरडावीत, असं शेजाऱ्यांना वाटायचं. एकदा त्यांच्या तालमीतले जुने सोबती घरी आले. पाच मिनिटं बघून म्हणाले, ‘ही तर नुरा कुस्ती, आधी ठरवून केलेली.’ बाबा म्हणाले, ‘न्हाई. नुरा कुस्तीत लोकांस्नी फसवत्यात. हितं कोण फसवतंय? तू पाडणाऱ्याला नगं बघू, पडणाऱ्याला बघ.’

तुमच्या मुलाला हेच सांगा. कोण जिंकणार हे ठरलेलं असतं, आणि ते काही गुपितही राहिलेलं नाही. १९८९मध्ये कंपनीनंच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगितलं की ही स्पर्धा नाही, मनोरंजन आहे. राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागू नयेत हा त्यामागचा हेतू होता. पण पडणं कुणाला ठरवून टाळता येत नाही. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर कॅनव्हास. माणूस त्यावर पाठीवर पडतो तेव्हा हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, आणि पाठ आणि दोन्ही हात एकाच क्षणी टेकवायचे, म्हणजे धक्का वाटला जातो. जरा चुकलं तर मान गेली. बॉडीस्लॅम नीट बघा. उचलला जाणारा स्वतः थोडी उडी घेतो आणि एक हात उचलणाऱ्याच्या मांडीवर टेकवून आपलं वजन तोलतो. दोघांनी मिळून केल्याशिवाय तो डाव होतच नाही. आणि अशा पडण्याच्या शेकडो रात्री, वर्षानुवर्षं.

आता त्याला एक मॅच दाखवा. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पॉन्टिऍक सिल्व्हरडोम, तिसरं रेसलमेनिया (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. ही मॅच मी शंभरेक वेळा तरी पाहिली असेल. आधीचं कथानक थोडक्यात सांगते. सॅव्हेजनं रिंगची घंटा मारून स्टीमबोटचा गळा जायबंदी केलेला असतो. स्टीमबोट बरा होऊन परत येतो. सॅव्हेजनं ही मॅच आधी पायरीपायरीनं कागदावर लिहून, दोघांनी पाठ करून बसवली होती. साधारण पंधरा मिनिटांत पंच वीसेक वेळा ‘दोन’पर्यंत मोजतो (तीन झाले की हार), आणि प्रत्येक वेळी आपण खुर्चीतून उठतो. शेवटी सॅव्हेज पुन्हा तीच घंटा उचलतो. स्टीमबोटच्या बाजूनं आलेला पैलवान जॉर्ज स्टील त्याला वरच्या दोरीवरून खाली ढकलतो. सॅव्हेज सावरून स्टीमबोटला उचलायला जातो आणि स्टीमबोट त्याची एका झटक्यात मोट बांधून त्याला चीत करतो. जिथून भांडण सुरू झालं त्याच घंटेवर ते संपलं. बाबांनी त्या जागी कॅसेट थांबवून मागं नेली होती. म्हणाले, ‘बघ, हात कुठं धरलाय. समोरच्याला जपतोय त्यो.’

त्याच रात्री हल्क होगन आणि आंद्रे द जायंटची मॅच होती. प्रेक्षकांचा जाहीर केलेला आकडा ९३,१७३. स्टेडियम एवढं मोठं की पैलवानांना रिंगपर्यंत छोट्या मोटारगाड्यांवरून आणलं होतं. आंद्रेचं जाहीर वजन ५२० पौंड, म्हणजे जवळजवळ २३६ किलो. शरीराची वाढ न थांबण्याचा आजार त्याला होता, नुकतीच पाठीची शस्त्रक्रिया झालेली, काळ्या पोशाखाखाली पाठीला पट्टा बांधलेला. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो आणि त्याच्याच वजनाखाली कोसळतो. मग पुढची दहा मिनिटं आंद्रे फार हलत नाही, कारण त्याला हलता येत नाही. शेवटी होगन त्याला उचलतो, आपटतो आणि सगळं स्टेडियम उसळतं. मुलाला विचारा, एवढ्या वजनाच्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कोण उचलणार? आंद्रेनं स्वतःला उचलू दिलं. दुखऱ्या पाठीवर पडायचं कबूल केलं, कारण पुढची गादी त्याला दुसऱ्याच्या हाती द्यायची होती. सहा वर्षांच्या आत, जानेवारी १९९३मध्ये, तो गेला. तेव्हा वय होतं फक्त ४६.

एवढं दाखवूनही तो हसला, तर हसू द्या. पण मॅच पूर्ण दाखवा. मोबाइलवरचे तीस सेकंदांचे तुकडे दाखवलेत तर हसू येणारच.

प्रश्न : ट्रम्प कार्ड्स आठवतात का? (सोलापूर)

आठवतात म्हणजे, अजून कपाटात आहेत! रबरबँड गळून गेला, पैलवानांचे ते पत्ते तसेच. प्रत्येकावर उंची, वजन, छाती, दंड, किती फाइट्स लढल्या, किती जिंकल्या आणि रँक. योकोझुनाचा पत्ता हातात आला की वजन पुकारायचं, एवढं पहिलीतल्या पोरालाही ठाऊक होतं. तो सुमो पैलवान म्हणून जपानी रूपात यायचा, पण मूळचा सामोअन घराण्यातला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या गल्लीत हे पत्ते खेळणाऱ्या आम्ही तीन मुली होतो. ‘मुलींचं काय काम इथं’ असं म्हणणाऱ्या पोराचा सगळा कॅट मी एका दुपारी जिंकून घेतला होता.

प्रश्न : तुम्ही मंडळी केबलपासूनच सुरुवात करता. आम्ही वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग पाहिलेत. त्यांचा उल्लेख का नाही? (गिरगाव)

काका, चूक मान्य. तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत, मी फक्त ऐकलंय आणि वाचलंय, म्हणून लेखणी अडखळली. किंगकाँग म्हणजे हंगेरीतून आलेला एमिल चाया. त्याला उचलून आपटणारे दारासिंग ही त्या काळची सगळ्यात मोठी बातमी. १९५९मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएंकोला हरवून दारासिंग राष्ट्रकुल विजेते झाले आणि १९६८मध्ये मुंबईत त्यांनी लू थेझला हरवलं. लू थेझ हे अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीतलं फार आदराचं नाव. होगन, आंद्रे सगळे त्याच्या नंतरचे. म्हणजे मी ज्या परंपरेवर प्रेम करते तिचा एक मोठा माणूस वरळी-गिरगावच्या लोकांच्या शहरात येऊन गेला होता. पुढे २०१८मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच नंतरचं नाव) दारासिंगांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तेव्हा ते हयात नव्हते.

तुम्ही जे पाहिलंत ते लिहून पाठवा. तिकीट केवढ्याचं होतं, बसायला कुठं मिळायचं, लोक काय ओरडायचे, सगळं. पुढच्या अंकात जागा मी मागून घेते.

प्रश्न : पैलवान ओवेन हार्टचा अपघात तुम्ही पाहिला होता का? (ठाणे)

नाही. तो पडला ते टीव्हीवर दाखवलंच नव्हतं. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोरीनं खाली उतरत रिंगमध्ये यायचं होतं, मधेच तो सुटून खाली कोसळला. वय ३४. बायको आणि दोन लहान मुलं मागे राहिली. आणि त्या रात्री कार्यक्रम थांबवला नाही, उरलेल्या मॅचेस झाल्या. हे मी आजही माफ करू शकत नाही. मृत्यू झालाय हे कळल्यावर दिवे बंद करून लोकांना घरी पाठवायला हवं होतं.

आम्हाला बातमी वर्तमानपत्रातून कळली. १९९४च्या दहाव्या रेसलमेनियातली ओवेन आणि त्याचा मोठा भाऊ ब्रेट यांची मॅच आमच्याकडे कॅसेटवर होती. त्यात धाकटा जिंकतो. त्या संध्याकाळी बाबांनी ती लावली. तालमीत कुणी गेलं की त्या दिवशी मेहनत बंद असते, आखाड्यात कुणी उतरत नाही. मॅच संपली तसे बाबा उठले आणि त्यांनी खोलीचं शटर खाली ओढलं. गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले. ते त्यांनी उचलले नाहीत.

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या तीसेक व्हीएचएस कॅसेट्स सापडल्यात. काहींवर पांढरं काहीतरी धरलंय. लावून बघू का? (सांगली)

नको! आधी थांबा. खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या कडेला पांढरट ठिपके किंवा भुकटी असेल तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी त्याच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या सगळ्या कॅसेट्सना लागते. अशा कॅसेट्स वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडेच न्या. बाकीच्या कोरड्या जागी, आडव्या नव्हे, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, टेप चिकटलेली असली तर सुटते. कडेचा तो छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला नसेल तर आधी मोडा, म्हणजे चुकून वरून काही रेकॉर्ड व्हायची भीती नाही.

आणि डिजिटल करून झालं तरी लेबलं काढू नका. आमच्या गावातली व्हिडिओ लायब्ररी बंद झाली तेव्हा बाबांनी तिसऱ्या रेसलमेनियाची कॅसेट विकत घेतली होती. तिच्यावर निळ्या शाईत त्यांच्या हातचं आहे : ‘स्टीमबोट. पुसू नये.’