सहा महिन्यांत सोनोग्राफी शिकवतो म्हणतात, पोरीचं नाव घालू का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही तासगावजवळचे. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटमध्ये मार्क कमी पडले. सांगलीत एक क्लासवाले म्हणतात सहा महिन्यांत एक्सरे-सोनोग्राफी शिकवतो, नोकरी पक्की, पण फी सगळी आधी भरा. तिचे बाबा तयार आहेत, सासूबाई म्हणतात रेडिएशनचं काम पोरीला नको. काय करू?

उत्तर: ताई, पैसे भरू नका. सोनोग्राफी करणं आपल्याकडे टेक्निशियनचं काम नाहीच, १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान बंदी) कायद्यामुळं गरोदर बाईची सोनोग्राफी तर फक्त पात्र डॉक्टरनंच आणि तीही नोंदणी झालेल्या सेंटरमध्येच करायची असते, मग सहा महिन्यांत हे शिकलेल्या पोरीला कोण कसली नोकरी देणार? राग येतो हो असल्या जाहिरातींचा, गरिबाची एफडी मोडते.

डिग्रीच करा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्निशियनच्या डिग्रीचा कोर्स बघा, ३ वर्षं आणि वर कॉलेजच्या हॉस्पिटलात १ वर्ष इंटर्नशिप. मिरज-कराडला मोठी मेडिकल कॉलेजं आहेत, स्वतः जाऊन विचारा, आणि एकच गोष्ट खोदून विचारा, सीटी आणि एमआरआयवर पोरीचा हात रोज बसणार का नुसतं लांबून बघायचं. कारण सगळं हातावर आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या आजोबांना टेबलवर घेताना पाय किती हलवायचा, "श्वास घ्या, धरून ठेवा" कधी म्हणायचं, छातीच्या फोटोआधी गळ्यातलं मंगळसूत्र काढायला लावलं का, नाहीतर ते फोटोत उमटतं आणि परत एक्सरे, परत रेडिएशनचा डोस. हे वहीतून येत नाही.

रेडिएशनचं सासूबाईंना सांगा, एमआरआयमध्ये एक्सरे नसतातच, तिथं सांभाळायचं ते चुंबक, ते रात्रंदिवस चालूच असतं, लोखंडी स्टूल आत नेलं तर खेचलं जातं. एक्सरे-सीटीला टेक्निशियन काचेआड असतो, आत थांबावंच लागलं तर लेड (शिशाचा) ॲप्रन, आणि छातीवर ॲप्रनच्या आत टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बिल्ला, तो दर ३ महिन्यांनी तपासायला जातो. बॅज देत नाही तिथं नोकरी करूच नये, पगार कितीही असू दे.

नोकऱ्या आहेत, फक्त सुरुवातीचा पगार कमी आणि नाइट ड्युटी असते हे पोरीला आत्ताच सांगून ठेवा. नुसत्या एक्सरेवर अडकू देऊ नका, सीटी-एमआरआय येणाऱ्याला जास्त विचारतात, पुढं कॅथलॅब (हृदयाची अँजिओग्राफी होते ती जागा) आहे, मशीन कंपनीत जाऊन हॉस्पिटलवाल्यांना मशीन शिकवायचं काम आहे. रिपोर्ट मात्र रेडिओलॉजिस्ट डॉक्टरच देतात, त्यात गल्लत नको.

क्लासवाल्याकडं जायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी विचारा, हा कोर्स झाल्यावर पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये (टेक्निशियनची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी होते का, आणि उत्तर लेखी मागा.