अश्वगंधेचा अर्क काढायचा, म्हणजे नेमकं काय काढायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासऱ्यांच्या मंदसौरकडच्या शेतातली पाच किलो अश्वगंधेची मुळं फेब्रुवारीपासून इंदूरच्या घरी गोणीत पडून आहेत, ऑनलाइन एक छोटं अर्कयंत्र हेरून ठेवलंय, आणि त्यातून ‘पाच टक्केवाला’ अर्क काढून कॅप्सूल भरायच्या आहेत. यंत्र घ्यावं की कुकरवर भागेल, असं तुम्ही विचारलंय.

यंत्र घेऊ नका. कारण सांगायला जरा लांबण लावतो. इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखान्यात सव्वीस वर्षं अर्क काढायचंच काम केलंय, त्यामुळे विषय निघाला की आमच्या घरचे उठून आत जातात.

आपल्या भाषेत सगळ्यालाच ‘अर्क’ म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क, गुलाबजल हे सगळं वाफेवर येतं. वाफेबरोबर जे उडतं तेवढंच पलीकडच्या नळीतून ठिबकतं. तुळस, गवती चहा, पुदिना यांना हे यंत्र उत्तम. अश्वगंधेतले तुम्हाला हवे असलेले घटक, म्हणजे विथॅनोलाइड (तुमचे ‘पाच टक्के’ यांचेच), मात्र जड रेणूंचे. ते वाफेबरोबर उडत नाहीत, भांड्यातच बसून राहतात. तुम्ही नळीतून आलेलं घोड्याच्या वासाचं पाणी बाटलीत भराल आणि खरा माल मोरीत ओताल. पहिल्या वर्षी आमच्याकडे एक गृहस्थ असं पाणी तपासायला घेऊन आले होते. रिपोर्ट पाहून त्यांना वाटलं, आमचं मशीनच बिघडलंय.

म्हणून ‘कसं काढू’ याच्या आधी ‘काय काढू’ हे ठरवायचं. ते ठरलं की कशात भिजवायचं ते ठरतं, किती तापवायचं ते ठरतं, आणि यंत्र सगळ्यात शेवटी.

आता कुकर. कुकरमध्ये होतो तो काढा, आणि काढा वाईट नाही. पाण्यात साखरा, क्षार, तुरट टॅनिन, फेसाळ सॅपोनिन, आणि ज्यांना साखर चिकटलेली असते ते विथॅनोसाइड चांगले उतरतात. विथाफेरिन-ए सारखे पाण्याशी फारसं न जमणारे विथॅनोलाइड मात्र बरेचसे चोथ्यातच राहतात. हळदीचंही तेच. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पाणी पिवळं दिसतं ते बरंचसं गाळाने.

शिवाय अश्वगंधेत एक खोडा आहे, पिठूळपणाचा. आमच्या युनिटमध्ये एका नव्या सुपरवायझरने (तो मीच) ‘बारीक दळलं की जास्त उतरेल’ म्हणून मुळं मैद्यासारखी दळून घेतली आणि पाण्यात उकळायला लावली. साधारण सत्तर अंशांच्या आसपास स्टार्च फुगला आणि अख्ख्या टाकीची खळ झाली. कपड्यांना घालतात तशी खळ, पण आठशे लिटर. गाळणीच्या कापडावर तिचा लेप बसला आणि खाली थेंब पडेना. रात्रपाळीच्या चौघांनी बादल्यांनी उपसून ती बाहेर काढली. त्यातल्या एकाने सकाळी पोह्यांच्या गाडीवर मला विचारलं, “साहेब, याचे पापड लाटायचे का?” तेव्हापासून मी मुळांची भरडच घेतो. वैद्य लोक जिला ‘यवकूट’ म्हणतात ना, जवाच्या दाण्याएवढी, तेवढीच. पाने असतील तर आणखी जाड चालतात, साल किंवा कठीण लाकूड असेल तर थोडं बारीक. पण पीठ कधीच नाही.

जुन्या लोकांना हे सगळं हाताने माहीत होतं. शार्ङ्गधर संहितेत काढ्याला सोळा पट पाणी घालून आठवा हिस्सा उरवायला सांगितलंय. नाजूक वनस्पतींसाठी ‘हिम’, म्हणजे सहा पट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी चोळून गाळायचं. त्याहून घाईचा ‘फांट’, चहासारखा, गरम पाणी ओतून. आणि क्षीरपाक: औषधाच्या आठ पट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. अश्वगंधा दुधातच का देतात, हे मला नोकरीला दहा वर्षं झाल्यावर कळलं. दुधात पाणीही आहे आणि स्निग्धही आहे, पाण्याला न जुमानणारं थोडंफार त्या स्निग्धात उतरतं. आमच्या आईने हे कुठल्याही लॅबशिवाय केलं आणि वर ‘गपचूप पी’ म्हणाली.

उष्णतेबद्दल एक गोष्ट सांगतोच, कारण ‘जितकं उकळू तितकं कडक’ हा समज फार खोलवर रुजलाय. चीनमध्ये १९६७ साली मलेरियावर औषध शोधायचं सरकारी काम सुरू झालं. १९६९ पासून तू यूयू नावाच्या बाई त्यात होत्या. चिंगहाव नावाची वनस्पती, आपल्या दवण्याच्या कुळातली, कधी गुण दाखवायची, कधी अजिबात नाही. मग त्यांनी चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याची नोंद पुन्हा वाचली. त्यात उकळायचं नव्हतंच! मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यायला सांगितला होता. बाईंना शंका आली की उकळण्यानेच काम बिघडतंय. त्यांनी ईथर घेतलं, जे साधारण ३५ अंशांनाच उकळतं. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांच्या १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरिया पूर्ण आवरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध मिळालं आणि २०१५ साली नोबेल. वनस्पती तीच होती. बदललं ते भिजवण्याचं माध्यम आणि तापमान.

कॉलेजात शिकवतात ते सॉक्सलेट यंत्रही म्हणूनच सगळ्यांसाठी नाही. १८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने ते केलं ते दुधातली चरबी मोजायला. भरडीवर दर वेळी ताजं द्रावक (माल विरघळवणारा द्रव) पडतं हा त्याचा गुण. पण उतरलेला माल खालच्या चंबूत तासन्‌तास उकळत राहतो, हे कुणी सांगत नाही.

अश्वगंधेसाठी कारखान्यात बहुधा पाणी मिसळलेलं इथाइल अल्कोहोल वापरतात; आम्ही सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवायचो. वाळलेल्या मुळाच्या पेशी पाण्याने फुगतात आणि वाट मोकळी होते, अल्कोहोल आतलं विरघळवतं, आणि स्टार्च त्यात येत नाही. निव्वळ अल्कोहोल घेतलं तर ते कोरड्या मुळात नीट शिरत नाही. भरड आधी थोड्या द्रावकात ओलावून तीन-चार तास झाकून ठेवायची, मगच पात्रात भरायची. कोरडी भरली तर आत फुगून बूच बसतं, नाहीतर द्रावक एकाच भेगेतून सरळ खाली येतं आणि बाकीची भरड कोरडीच राहते.

आणि एकदाच भरपूर द्रावक ओतण्यापेक्षा तेच तीन वाट्यांत घालायचं. कपड्यातला साबण काढताना एक भरलेली बादली एकदाच वापरण्यापेक्षा तेच पाणी तीन वेळा थोडं थोडं घेऊन खळबळलं की जास्त निघतो, तसंच. समजा दर वेळी एक तृतीयांश माल मागे राहतो. एका खेपेला ६७ टक्के हाती येतो, तीन खेपांना ९६. चौथी खेप करू नये. द्रावक आटवायचा खर्च मालापेक्षा जास्त होतो.

आटवणं हेच खरं जोखमीचं काम. ७८ अंशांना उकळणारं अल्कोहोल आम्ही निर्वातात, म्हणजे बंद पात्रातली हवा काढून, ४५-५० अंशांवर काढून घेतो. घरी उघड्या गॅसवर हे करायचा विचार मनात आणू नका. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून खाली पसरते आणि शेगडीपर्यंत पोचते. पेंटच्या दुकानातलं स्पिरिट तर नकोच नको. त्यात मिथेनॉल असू शकतं, आणि त्याने डोळे जातात, जीवही जातो. शुद्ध अल्कोहोलला अबकारी परवाना लागतो. म्हणजे घरगुती रस्ता इथेच संपला.

आता तो ‘पाच टक्के’ काय ते बघू. उदाहरणापुरतं धरा, तुमच्या मुळात ०.४ टक्के विथॅनोलाइड आहेत. पाच किलोंत झाले वीस ग्रॅम. सगळेच्या सगळे निघाले, काहीच वाया गेलं नाही, असं मानलं (तसं कधी होत नाही) तरी पाच टक्क्यांचा अर्क बनेल फक्त चारशे ग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या आठशे कॅप्सूल. ते चारशे ग्रॅमसुद्धा आपोआप पाच टक्क्यांचे होत नाहीत. सोबत आलेल्या साखरा वगैरे बाजूला काढाव्या लागतात. डब्यावर ‘१०:१’ लिहिलेलं असतं, ते वेगळंच. त्याचा अर्थ दहा किलो मुळांतून एक किलो अर्क काढला, एवढाच. आत विथॅनोलाइड किती, याबद्दल तो आकडा गप्प आहे.

टक्का वाढवायची एक लबाडीही बाजारात चालते. विथाफेरिन-ए पानांत मुळापेक्षा बरंच जास्त असतं आणि पानं मुळांपुढे मातीमोल. पानांचा अर्क मिसळला की आकडा फुगतो, आणि माल मात्र मुळाचा राहत नाही. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पानांच्या वापराविरुद्ध सूचनाही काढली होती. म्हणून नुसता एकूण टक्का विचारू नका; एचपीएलसीचा (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख मागा आणि त्यात विथाफेरिन-एचा मनोरा इतरांच्या मानाने किती उंच आहे ते कुणा जाणकाराला दाखवा.

तुमच्या मंदसौरशेजारच्या नीमचच्या मंडीत व्यापारी मूळ घेऊन मोडतो. टचकन तुटलं, आतून पांढरंशुभ्र निघालं, जाडसर असलं की भाव चढतो. चूर्णासाठी ते ठीक आहे, पण तो पांढरेपणा म्हणजे बराचसा स्टार्च. अर्कासाठी आम्ही मुद्दाम बारीक, तंतूळ, कमी भावाची मुळं उचलायचो आणि उतारा चांगला मिळायचा. सासऱ्यांनी जाड मुळं विकून बारीक घरी ठेवली असतील तर हसू नका, तुमच्या कामाची तीच आहेत.

विकायचंच असेल तर आयुर्वेदिक औषध म्हणून २५-डी नमुन्यातला परवाना लागेल आणि जागा शेड्यूल-टीच्या, म्हणजे आयुर्वेदिक कारखान्यांच्या स्वच्छतेच्या आणि दर्जाच्या, अटींत बसवावी लागेल. स्वतःचं युनिट उभारण्यापेक्षा परवानाधारकाकडून करून घेणं परवडतं, पण पाच किलोंसाठी कुणी टाकी लावणार नाही. गावातल्या दहा शेतकऱ्यांचा माल एकत्र केला तर बोलणं होऊ शकतं. अर्कात चांगलं जसं एकवटतं तसे कीटकनाशक आणि जड धातूही एकवटतात, तेव्हा तो तपास आधी. आणि थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांना, गरोदर बायकांना, यकृताचा त्रास असलेल्यांना सरसकट ‘घ्या हो, घरचंच आहे’ म्हणून देऊ नका. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बचनाग, धोत्रा, कण्हेर यांचे प्रयोग तर कुणीच घरी करू नयेत. यावर वाद घालणार नाही.

तर तुम्ही आता एवढं करा. गोणी उघडा. चार-पाच ठिकाणची मूठमूठ मुळं घेऊन दोनशे ग्रॅमचा नमुना करा आणि ओलावा, बुरशी व विथॅनोलाइड यांच्या तपासणीला द्या. एखादं मूळ वाकवून पाहा. टचकन न तुटता लवलं, तर त्यात ओल शिरली आहे. करड्या-हिरव्या बुरशीचे ठिपके दिसले तर तेवढीच मुळं वेचून टाकून भागत नाही, तो सगळा भाग बाजूला काढा. उरलेली गच्चीवर चादरीवर पातळ पसरा आणि दोन कडक उन्हं द्या. मुळांना ऊन चालतं. सुगंधी पानं असती तर सावलीत म्हटलं असतं. मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, जमिनीपासून वर. घाई यासाठी की या आठवड्यात माळव्यात पाऊस सांगितलाय.