तंबू ठोकण्याआधी आडवं पडून बघा

मसाई पठारावर खुंट्या आत जाईचनात. चार वाकल्या, शेवटी आम्ही तंबू नुसता पसरून झोपलो. चुकलं कुठं? (शिवाजी पेठ)

पठार जांभ्याचं आहे. वर बोटभर माती, खाली सलग कातळ. हातोडा मोठा घेतला तर आणखी चार वाकतील, एवढंच. त्यापेक्षा दोरीच्या फासात खुंटी आडवी अडकवायची आणि तिच्यावर जड दगड ठेवायचा. दोरी थेट दगडाला बांधू नका. जांभ्याची कड करवतीसारखी असते, रात्रभर वाऱ्यानं घासून दोरी पहाटे तुटते. हे मी स्वतः भोगलंय.

खरी फसगत मात्र पुढे आहे. हिंडता हिंडता एखाद्या जागी खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि सगळे खूश होतात. पण पठारावर माती साठते ती खळग्यात, आणि जिथं माती साठते तिथंच पाणीही. खाली वाकून बघा. वाळून पापुद्रे सुटलेलं शेवाळ किंवा भेगाळलेला चिखल दिसला, तर ते पावसाळ्यातलं डबकं आहे. सरीला ते पुन्हा भरणार. पावसाळा सरताना फुलंही अशाच जागी येतात, तेव्हा तिथं पाऊलसुद्धा नको. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. आणि वनखात्याला विचारल्याशिवाय मुक्काम करू नका.

डिसेंबरात राधानगरीच्या धरणाकाठी राहिलो. पाऊस नाही, तरी सकाळी तंबू आतून ओला. दुकानदारानं फसवलं का? (कळंबा)

नाही हो, तो तुमचाच श्वास! दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागली की तिचं पाणी होतं. त्यात जागा पाण्यालगतची. थंड हवा जड असते, रात्री उतारानं खाली येऊन बसते. पंचगंगेकाठच्या उसात सकाळी धुकं दाटलेलं असतं आणि वरच्या माळावर लख्ख ऊन, हे आपण नेहमी बघतो. तसंच तुमचं झालं. काठापासून थोडं चढावर जा आणि झरोके उघडे ठेवा. थंडी वाजते म्हणून ते बंद केले की पाणी ठिबकलंच.

दुसरं असं, की पाण्याकडे उतरणारी मळलेली वाट माणसांचीच असेल असं नाही. १९५८ साली दाजीपूरला अभयारण्य झालं ते गव्यांसाठी. त्यांच्या वाटेवर तंबू नको. अभयारण्यात परवानगीच्या जागीच राहायचं.

मामांचा ऊस नुकताच तुटलाय. त्याच रानात मुलांना घेऊन एक रात्र काढली तर? (कागल)

पाचट पसरलेलं असेल तर अजिबात नको. एक ठिणगी पुरते, शिवाय पाचटाखाली काय दडलंय ते दिसत नाही. खळ्याची किंवा घराजवळची झाडून घेतलेली जागा बरी. मामींना चहाला हाक मारता येईल, हा वरचा फायदा.

मे महिन्यात वळीव आला तर मोठ्या झाडाखाली तंबू सुरक्षित ना? (गारगोटी)

उलट, तीच सगळ्यात वाईट जागा. एकट्या झाडावर वीज पडते, वाळकी फांदी कोसळते, आणि उंच झाडावर आग्या मोहोळ असलं तर चुलीच्या धुरानं ते उठतं. म्हणून दिवसाउजेडी मान वर करून झाड नीट बघा. उघडा माळ किंवा कडाही नको. तंबू विजेपासून वाचवत नाही. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर सगळं टाकून पक्क्या घरात किंवा काचा वर केलेल्या गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

जागा थोडी उताराची असेल तर डोकं कुठं? (इचलकरंजी)

चढाकडे. आडवा झोपलात तर रात्रभर शेजाऱ्याच्या अंगावर घरंगळाल. तंबू उभारण्याआधी नुसती चटई टाकून पाच मिनिटं पडून बघा. पाठीला टोचणारा खडा तेव्हाच काढता येतो, रात्री दोन वाजता नाही.